दादाच्या डोक्याचं चित्र

बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तू बरी असशील, छकुलीचा खोकलाही उतरला असेल. इकडे सगळं ठीक, असं लिहायला पेन उचललं आणि तिथेच अडकलं. फोनवर तुझा आवाज आला की मी हवापाण्यावर बोलत बसते, म्हणून हे पत्र.

दादा कामानिमित्त माझ्याकडे आला तेव्हा अगदी मजेत होता. स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला, शेजारच्या आजींशी गट्टी जमवली. मी दिवसभर नक्की काय करते ते बघायचं म्हणून एकदा माझ्याबरोबर प्रयोगशाळेत आला.

तुला मागे सांगितलं होतं ना, आम्ही एक पातळ चादर बनवतोय. उशीच्या अभ्र्याएवढी, आत तांब्याची बारीक कडी ठरावीक नक्षीत बसवलेली. एमआरआयच्या यंत्रात ती डोक्याखाली ठेवली की शरीरातून येणारा क्षीण संदेश तिथे जोरकस होतो, चित्रातली खरखर जाते. यंत्र तेच, चित्र मात्र लख्ख.

त्या दिवशी ज्या धडधाकट माणसाला आत झोपवायचं होतं, तो आलाच नाही. दादा म्हणाला, "मला झोपवा. घरीही तेवढंच करतो." रीतसर सही करून आत गेला.

आधी चादरीविना चित्र काढलं. धूसर, पण त्यात वावगं काही नाही. मग चादर सरकवली. दुसरं चित्र पडद्यावर उमटलं तशा आमच्या खोलीत टाळ्या पडल्या. इतकी वर्षं ज्यासाठी घासली, ते समोर होतं. मेंदूची घडीन् घडी दिसत होती. मीही टाळ्या वाजवल्या, वहिनी. चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई तेवढ्या वाजवत नव्हत्या. खुर्ची पुढे ओढून त्या एकाच जागी बघत होत्या.

तू उन्हाळ्यात म्हणाली होतीस, हा हल्ली पाणी पितानाही ठसकतो. आपण दोघींनी त्याच्या घाईला नावं ठेवली होती.

मेंदू जिथे पाठीच्या कण्याकडे उतरतो, तिथे गाठ आहे. मोठ्या इस्पितळात पुन्हा तपासलं. तिथले सर्जन म्हणाले, "या जागेचं इतकं स्पष्ट चित्र मी पाहिलं नव्हतं. पण तिथे सुरी नेता येत नाही."

मी विचारलं, "लवकर सापडली ना?"

"या गाठीत लवकर काय आणि उशिरा काय, फारसा फरक पडत नाही. किरणांनी थोडे दिवस मिळतील."

जिना उतरताना दादाच माझी समजूत काढत होता.

आमच्या साहेबांना शोधलेखात तीच दोन चित्रं शेजारीशेजारी छापायची आहेत. त्यांनी चाचरत विचारलं. दादा म्हणाला, "छापा की. निदान कुठेतरी नाव होईल." साहेब म्हणाले, नाव छापत नाहीत. त्यावर तो हसला. मला नाही हसता आलं.

काम लांबलंय असं त्याने तुला कळवलंय, ते खोटं आहे. रोज फोन लावतो, तुझ्याशी भाजीपाल्याचं बोलतो आणि ठेवतो. "घरी जाऊन मीच सांगेन, तू मध्ये पडू नकोस," असं मला बजावलंय. पण त्याच्याने ते होणार नाही. ओठांवर येतं आणि तिथेच विरतं, हे मी बघतेय. शब्दही जरा जड येतात आता. तुला फोनवर सर्दी वाटली असेल. आत्ता केस कापायला गेलाय, तोवर लिहून टाकतेय.

चादर चांगली आहे. तिने कुणाकुणाचं भलं होईल असं सगळे सांगतात, आणि होईलही. मला मात्र वाटतं, पहिल्या धूसर चित्रावरच थांबलो असतो तर हा हिवाळा तुम्हा तिघांना सुखात गेला असता. त्याने तो काही वाचला नसता, हेही ठाऊक आहे.

पुढच्या शनिवारच्या गाडीने तो निघतोय. त्याला सांगू दे किंवा तूच आधी बोल, तुला सुचेल तसं कर. स्टेशनवर एकटी ये, छकुलीला आणू नकोस. बॅग तू घे. त्याच्या डाव्या हातातून वस्तू निसटतात.

तुझी, आणि अजून तरी त्याची धाकटी,
नणंद