साळूबाईची गुंडाळी कोठडीत पोहोचविणेबाबत

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, अंबड.

अर्जदार: साळूबाई, धंदा पोळीची गुंडाळी विकणे, रा. मौजे शेवगेवाडी.

विषय: नवऱ्याची कोठडीतून सुटका होणेबाबत, तोवर त्यांना घरची गुंडाळी मिळणेबाबत.
संदर्भ: दोनदा तोंडी विनंती केली, पट्टेवाल्याने कचेरीच्या ओट्यावरून परत पाठविले.

महोदय,

१. अर्जदार सविनय कळविते की, आम्ही नवरा-बायको गावच्या बाजारात गरम पोळीत झुणका व ठेचा भरून गुंडाळी विकतो. मी लाटते, भाजते. मालक टोपली घेऊन हिंडतात. तेल गिऱ्हाइकाच्या धोतरावर उतरू नये म्हणून खालचे टोक रद्दीच्या तुकड्यात धरून देतो. मागल्याच्या मागल्या बाजारी असा एक तुकडा सरकारविरुद्धच्या पत्रकाचा निघाला आणि मालकांना चौकीत नेले. आम्हा दोघांनाही अक्षरओळख नाही.

२. साहेब, ती रद्दी चौकीचीच! जप्त पत्रके तिथल्या शिपायाने शेरावर तोलून आम्हाला विकली. हे सांगितले तर तोच म्हणाला, कागदावरचे तेलाचे डाग म्हणजे नकाशा आहे. पुरावा म्हणून बावीस गुंडाळ्या जप्त झाल्या. कागद ठेवले, गुंडाळ्या खाल्ल्या. वर पुरावा फार तिखट होता, अशी तक्रारही माझ्याकडेच केली.

३. आता खरे दुखणे. अकरा दिवस मी रोज गुंडाळी घेऊन चौकीच्या दाराशी जाते. पहारेकरी म्हणतो, "कैद्याचं नाव सांग, न्हाई तर वापस जा." आमच्यात बाया नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाहीत, हे त्यालाही बराबर ठाऊक आहे. "उखाण्यात घे, मंग आत जाईल," म्हणाला, आणि सगळे हसले. साहेब, उखाणा लग्नकार्यात घेतात, कोठडीच्या दारात न्हाई. मी परत फिरले. माझ्या लाजेपायी ते उपाशी राहिले असतील, म्हणून परत आणलेली गुंडाळी मीही खात नाही.

४. तरी मेहेरबानांनी रद्दीची चौकशी करून मालकांना सोडावे, आणि तोवर रोजची गुंडाळी आत घेण्याचा हुकूम द्यावा. नाव पाहिजेच असेल तर उखाण्याशिवाय पहिल्यांदाच घेते, लिहिणाऱ्याने लिहून घ्यावे: रामकिसन. हाक जरा मोठ्याने मारावी. त्यांना कमी ऐकू येते.

हुकूम होईपर्यंत आपल्या ओट्यावर बसून असलेली,
साळूबाई
(निशाणी बांगडी)

ता. १२ बहमन, सन १३५७ फसली

सोबत:
१. उरलेल्या रद्दीचा तुकडा, एक.
२. गुंडाळी, एक. पळसाच्या पानात, कागद लावलेला नाही. ही पुरावा नाही, जेवण आहे.