बाबांचं मत

बाबा, तुम्ही अजून जिवंत आहात. म्हणजे इथे परदेशात, सँट्रीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तरी. खालच्या मजल्यावरच्या जॉर्जियन बाई आठवतात ना? तुम्ही उन्हाळ्यात इथे राहायला आलात, लिफ्टपाशी त्यांच्याशी ओळख काढलीत आणि दुसऱ्या दिवशी त्यांना थेट चहाला घेऊन आलात. मी किचनमध्ये कप शोधत धुसफुसत होते. जन्मभर लॉ कॉलेजात शिकवलंत आणि रिटायर झाल्यावर जॉर्जियाच्या राजपुत्रांचं वेड घेतलंत. जेवताना तेच. गादी गेली, रशियात परमुलखात जाऊन पडले, पण रडत बसले नाहीत. एकाने तिथे बसून आपल्या देशाचा भूगोल लिहिला, नकाशे काढले, दुसऱ्याने कायद्यावर ग्रंथ लिहिला. "बाबा, पुरे हो, कोणाला पडलंय त्याचं?" असं मी म्हणाले. तुम्ही खाली मान घालून भात कालवत राहिलात. त्या बाईंना मात्र पडलं होतं. भारतातला एक म्हातारा आपल्या राजपुत्रांवरून तावातावाने भांडतोय, याचंच त्यांना केवढं अप्रूप!

तुम्ही पुण्यात गेलात. तुमचं दिवसकार्य उरकून मी इथे परत आले, तर बाई दारात उभ्या. हातात द्राक्षाच्या रसात घोळवून वाळवलेली अक्रोडांची माळ, खास तुमच्यासाठी. "बाबा कसे आहेत?" मी म्हणाले, "ग्रँड." मजेत, असं इथले लोक म्हणतात तसं सुटलं तोंडून. तेव्हाच सांगायचं ते राहिलं, आणि मग कुठल्या तोंडाने सांगणार? त्याला आता कितीतरी वर्षं झाली.

पुढे बाई तुमच्यासाठी प्रश्न द्यायला लागल्या. विचार बाबांना, नकाशे मोठे की कायदा? आता आली का पंचाईत! मग मी वाचायला बसले. तुम्ही कानीकपाळी ओरडून सांगत होतात तेव्हा ऐकलं नाही, ते आता तुमच्या नावावर खपवायला वाचते. आणखी एका राजपुत्राने तर राजा व्हायच्या आधी, कारभार बघत असतानाच, ग्रीकांचे, आर्मेनियन लोकांचे कायदे भाषांतरित करवून आपल्या कायद्यांशेजारी ठेवले, हे मला किती आवडलं म्हणून सांगू! "बाबा म्हणतात, कायदाच मोठा. देशच हातचा गेला, तर नकाशा काय चाटायचाय?" "मग कायदा काय चाटायचाय? सांग त्यांना!" बाई कडाडल्या. आणि मी तुमच्या बाजूने अशी भांडले की लेक बघतच राहिली. "आई, जस्ट टेल हर," ती अजूनही म्हणते. पण बाबा, तुम्ही गेल्याचं त्यांना सांगितलं की तुमची बाजू घेऊन भांडणं संपलं, आणि मला ते संपायला नकोय.

बाई आता कायमच्या मायदेशी निघाल्यात. आज संध्याकाळी आल्या. "एकदाच व्हिडिओ कॉल लाव, निरोप घेते." अगदी ओठांवर आलं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. "तिकडे रात्र झाली, झोपलेत हो."

"मग नको उठवूस," बाई म्हणाल्या, आणि माझा हात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून तुम्हालाच सांगते. उद्या सकाळी त्यांची टॅक्सी येईल. मी कामावर, प्लँटमध्ये, मुद्दाम पहाटेची शिफ्ट मागून घेतलीय.