बारवी हाऊसचे पाच पॉइंट

२ डिसेंबर, मंगळवार

मी बोलले की हा मोबाईल लिहितो म्हणे. काय लिहितो ते त्यालाच ठाऊक. मला अक्षर येत नाही. त्याने शिव्या लिहिल्या तरी मी कौतुकानेच बघणार. नातीने लावून दिलंय, अनुयाने. "माई, भिंतीशी बोलतेस त्यापेक्षा याच्याशी बोल." भिंत निदान मध्येच चार्जिंग मागत नव्हती.

मुलगा संतोष एमआयडीसीत, सून प्राची उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या जीन्सवाल्याकडे ऑफिसात. दोघं सकाळी जातात ते दिवेलागणीला उगवतात. गावी, वांगणीच्या डोंगराखाली, दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. इथे अंबरनाथला प्रत्येक दाराला आतून बघायचं भोक. बघतात, आणि उघडत नाहीत.

अनुया आठवीत. शाळा सकाळची. दुपारी येते, जेवते, कानात ती पांढरी बोंडं घालते. मग मी आहे काय, नाही काय.

४ डिसेंबर, गुरुवार

आज वेगळंच! बोंडं काढून अनुयाबाई स्वतःहून माझ्यासमोर उभ्या. शाळेत स्पर्धा आहेत. मुलांचे चार हाऊस केलेत, नावं नद्यांची - उल्हास, काळू, भातसा, बारवी. आमच्या मागून वाहते त्या वालधुनीचं नाव कुणी घेतलं नाही. त्या हाऊसच्या पोरांना नाकाला रुमाल बांधून धावावं लागलं असतं.

ही बारवीत. नियमांचा कागद वाचून दाखवला. एका मुलाने एक खेळ खेळायचा आणि एकदाच बोलायचं. नाव दिलं की माघार नाही. भाषणाला हातात कागद नाही. घंटी वाजली की गप्प. आणि समोर बसलेल्यांपैकी कुणी शब्द सांगितला, तर बोलणाऱ्या मुलाच्या हाऊसचे पाच पॉइंट कापायचे. खेळाचे नि भाषणाचे पॉइंट शेवटी एकाच बेरजेत. ज्याचे जास्त त्याला ढाल.

म्हणजे खो-खोत एकीने गुडघे फोडायचे आणि भाषणात दुसरीने ते घालवायचे. बरी व्यवस्था आहे.

हिने दोन्हींत नाव दिलंय. खो-खो, आणि 'पाणी वाचवा'वर भाषण. सकाळी दीड बादली अंगावर ओतून जाते ती.

५ डिसेंबर

तीनदा म्हटलं. तिन्हीदा मी पलंगावर पाय सोडून ऐकलं. घरात दुपारी माणसाचा आवाज.

८ डिसेंबर, सोमवार

रोज म्हणते. आता ती जेवल्या जेवल्या मलाच हाक मारते - "माई, बस ना गं." मी बसलेलीच असते, पण जरा कामातून उठल्यासारखं दाखवते. भाव खावा माणसाने.

भाषण मला पाठ झालंय. लिहिता न येणाऱ्याला दुसरं करायचं काय, ऐकलेलं धरून ठेवायचं. ती टँकरच्या रांगेपाशी हमखास अडकते. अडकली की मी पुढचा शब्द देते, ती धरते आणि पळते. खो-खोसारखंच - मी मागून खो देते, ती उठते. आज तिलाच हसू आलं. म्हणाली, "तूच जा स्टेजवर." मी म्हटलं, जाईन, पण मग ढाल माझ्या देवघरात राहील.

स्पर्धा संपली की बोंडं परत कानात जातील. तेवढं मनात येतं. मग मी तिला म्हणते, अजून एकदा म्हण, शेवट नीट नाही झाला. शेवट चांगला होतो खरं तर.

१० डिसेंबर

खो-खोत बारवीने भातसाला हरवलं! हिने सूर मारून शेवटची मुलगी बाद केली. कोपर सोलवटून आली आणि मला दाखवत फिरली, दागिना दाखवावा तसं. बारवीचा कॅप्टन गंधार, दहावीतला. तो म्हणे सगळ्यांना सांगतोय, आता भाषणात फक्त पडू नका, ढाल आपली.

भाषण बघायला घरातल्या एकाने यायचं आहे. संतोषला सुट्टी नाही, प्राचीला नाही. मग उरलं कोण?

१२ डिसेंबर, शुक्रवार

मोबाईल, सावकाश लिही. मीही सावकाश बोलते.

हिरवी नऊवारी नेसून शेअर रिक्षाने गेले. दुसऱ्या रांगेत बसवलं. अनुया आली. छान सुरुवात केली. माझे ओठ आपोआप तिच्याबरोबर हलत होते. टँकरची रांग आली आणि ती थांबली.

थांबलीच. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. डोळे समोर, पण कुठेच बघत नव्हती. मी काही ठरवलं नाही. तोंड उघडलं आणि शब्द गेला. "आणि त्या रांगेत माझ्या आईची कळशी!" आवाज माझा शेतावरचा, या बांधावरून त्या बांधाला जाणारा. अख्खा हॉल वळला. पोरं फिसकन हसली. अनुयाने कळशी घेतली आणि पुढे बोलत गेली. शेवटपर्यंत, न अडखळता. टाळ्याही पडल्या.

मग बाईंनी माईकवर नियम वाचला. बारवीचे पाच पॉइंट कमी.

अनुया धावत बाईंकडे गेली. मी तिथेच उभी होते. म्हणाली, "बाई, मी विसरले नव्हते. मी मुद्दाम पॉज घेतला होता. माझी आजी गावची आहे, तिला हे कळत नाही."

बाई म्हणाल्या, पॉज असो नाहीतर काही असो, शब्द बाहेरून आला. नियम तो नियम. ढाल भातसाला गेली.  गंधारने माझ्याकडे बघून नुसते हात जोडले. रागावला असता तर बरं झालं असतं.

पॉज म्हणजे मुद्दाम थांबणं. भाषणात असंही असतं. मला वाटायचं, माणूस थांबतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं.

रिक्षात ती पुढे बसली, ड्रायव्हरच्या बाजूला.

१३ डिसेंबर

बोलली नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

शाळेतून मैत्रिणीकडे गेली, तिथूनच क्लासला. मी दोन पानं वाढून ठेवली होती. दोन्ही पानांवर मीच जेवले, एका मागून एक. भेंडी बरी झाली होती, कुणाला सांगणार.

दुपारी ते भाषण मनातल्या मनात म्हणून बघितलं. टँकरपाशी थांबले. मुद्दाम. पॉज कसा लागतो ते बघायला. घरात आधीच इतकं शांत, काही फरक कळला नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

प्राची पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आई, तुम्हाला जरा गप्प बसता आलं नसतं का? पोरीला शाळेत तोंड दाखवायची लाज वाटते." रागाने नाही म्हणाली, दमलेली होती. मी म्हटलं, चुकलं. संतोष म्हणाला, जाऊ दे गं, तिला काय समजतं. माझी बाजू घेत होता बिचारा.

मनात आलं, वांगणीला जाऊन राहावं थोडे दिवस. धाकट्या दिराचं, अनंताचं, घर आहे. तिथे मोठ्याने बोललं तर कुणाचे पॉइंट जात नाहीत. संतोषला विचारलं. रविवारी सोडतो म्हणाला. थांब म्हणेल असं वाटलं होतं.

१८ डिसेंबर

पिशवी भरली. दोन लुगडी, औषधं, तपकिरीची डबी. हा मोबाईल न्यावा की नाही ठरत नाही. तिथे बोलायला माणसं आहेत.

१९ डिसेंबर, शुक्रवार

अनुया लवकर आली. पिशवी बघितली. मी पलंगावर होते, माझ्याकडे पाठ करून पलंगाला टेकून जमिनीवर बसली. पुष्कळ वेळ. या वेळी मी शब्द दिला नाही.

मग म्हणाली, "माई, मी खरंच विसरले होते. डोक्यात काहीच नव्हतं. तू बोललीस म्हणून आठवलं." आणि मग, "गंधारला सांगू नकोस. आईला पण नको."

म्हटलं, शाळेत सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. माझ्या तोंडून जाणार नाही.

तिने डोकं माझ्या गुडघ्याला टेकवलं. या घरात आल्यापासून कुणी मला गुपित सांगितलेलं हे पहिलंच. पिशवी रिकामी करतेय.