हात धुण्यावरची देखरेख

५ मार्च
काल कारखान्यात लाइनवर, पट्ट्यावरून सरकणारं मांस कापताना, सुरी उजव्या मनगटात घुसली. बरेच टाके. आज सकाळी व्हर्नने, म्हणजे खुद्द मॅनेजरने, मला आणायला गाडी पाठवली. म्हणाला, नुसता येऊन बस. दुखापतीमुळे एक जरी माणूस घरी राहिला तर सगळ्या शिफ्टची, अपघाताची सुट्टी न पडल्याबद्दल मिळणारी, बक्षिसाची जॅकेटं बुडतात. एवढ्या मोठ्या कारखान्याचं माझ्यावाचून अडतं.
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर आठवड्यात सुधारेल.

६ मार्च
खुर्ची मिळाली. बाथरूमच्या दाराशी. बाहेर येणारा माणूस हात धुतो की नाही ते बघायचं. थोडक्यात, आरोग्य खातं. घरी बायकोला सांगितलं तर आर्लीन म्हणाली, लाइल, तुला संडासाबाहेर बसवलंय. तिला ऑफिसच्या कामातलं काही कळत नाही.
संकल्प: रोज बोटांचा व्यायाम. कॉम्प्युटर शिकणे. वर्षाच्या आत सुपरवायझर.

१४ मार्च
व्यायाम नाही. खुर्ची सोडता येत नाही.
लाइनवरचा डेल रोज ओले हात माझ्या नाकासमोर नाचवतो आणि विचारतो, चालतील का साहेब? मान ठेवतो बिचारा.
आर्लीनचं एकच, ओमाहा शहरातला वकील गाठ, हात कायमचा अधू झाला तर भरपाई मिळते. म्हटलं, भरपाई घ्यायची ती करिअर संपलेल्यांनी.

२ एप्रिल
जेवायला चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, आणि गोड सिनॅमन रोल. चिलीचा गरम वाडगा उजव्या हातावर उपडा झाला. हे मला डेलने सांगितलं. फोड आले, दुखलं अजिबात नाही. सहनशक्ती वाढली आहे.
जॅकेटं वाटली. मला दोन मापं मोठं आलं.

२१ एप्रिल
कंपनीचा डॉक्टर. डोळे मिटायला लावून बोटांना टाचणी टोचत होता, टोचलं की हं म्हणायचं. सुपरवायझरची जागा रिकामी होतेय, अशा वेळी रडगाणं बरं दिसत नाही. डोळे जरासे किलकिले ठेवले. एकही हं चुकला नाही.

२४ एप्रिल
डॉक्टरने लिहून दिलं, हात पूर्ण बरा. व्हर्नने माझी भरपाईची फाइल बंद केली आणि खुर्ची उचलून नेली. बहुतेक चाकांची येणार.

२७ एप्रिल
खुर्ची आली नाही. सुरी आली. पुन्हा लाइनवर. सुरी हातात आहे की नाही हे बघावं लागतं, आणि बघेपर्यंत मांस पुढे जातं. दोनदा पडली, दुसऱ्यांदा डेलच्या बुटाला लागून. व्हर्न म्हणाला, हात ठीक आहे असं डॉक्टर म्हणतो, म्हणजे तुझं लक्ष नाही. उद्यापासून येऊ नकोस. आवाज चढवला नाही. माणूस सभ्य आहे.

२८ एप्रिल
आर्लीनने वकिलाला फोन लावून दिला. त्याने विचारलं, तपासणीत काय झालं? मी टाचणीचं सांगितलं. त्याने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, आता अवघड आहे.
व्यायाम उद्यापासून.
संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर बसलो. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटत नव्हतं. आर्लीन म्हणाली, सोडू का आता, स्वयंपाकाचं बघायचंय. काय सोडू म्हणून खाली बघितलं. माझा उजवा हात तिने दोन्ही हातांत धरला होता. केव्हापासून, ते विचारलं नाही.