झोत बंद असताना

३ एप्रिल
पोचले एकदाची! घरच्या, तुकुमानच्या उकाड्यातून थेट दक्षिण टोकाला, पातागोनियाच्या वाऱ्यात. इंजिनिअर बासुआल्दोंनी उतरल्या उतरल्या ‘माते’ नावाच्या इथल्या कडवट चहाचा गरम पेला हातात दिला. न्यूट्रॉनच्या झोताचं केंद्र अजून अर्धंच बांधलंय, पण झोताची खोली तयार आहे: हातभर नव्हे, पुरुषभर जाड भिंती, रुळावर सरकणारं काँक्रीटचं दार. उपग्रहांत बसवायचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड झोतासमोर ठेवायचे आणि ते किती चुका करतात ते पाहायचं, हे माझं काम. तंत्रज्ञ ओफेलियाबाई हसून म्हणाल्या, "या वाऱ्याला कंटाळून पळाली नाहीस तर टिकशील, पोरी!"

२० एप्रिल
पहिली चाचणी. मी आत बोर्ड लावत असतानाच, इशाऱ्याचा भोंगा न वाजता, झोत सुटला. क्षणभरच. तोंडात नाणं चोखल्यासारखी चव आली, एवढंच. बासुआल्दो पांढरेफटक पडले. डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहे. ओफेलियाबाईंनी एम्पानादा, खिम्याच्या करंज्या, तळून खाऊ घातल्या.

२९ एप्रिल
झोत बंद, तरी माझ्या टेबलावरच्या बोर्डात चुका होताहेत. बोर्ड ओफेलियाबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला, चुका थांबल्या. मी जवळ गेले, पुन्हा सुरू. बाई म्हणाल्या, प्रेमात पडलाय तुझ्या. मग त्यांनी किरणोत्सार मोजायचं यंत्र माझ्या छातीशी धरलं आणि त्यांचं हसू मावळलं.

२ मे
बासुआल्दो म्हणाले, सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, दोन दिवस झोताच्या खोलीत राहा. खाट दिलीय, रेडिओही. मी आपल्या पायांनी आत आले.

११ मे
दोन दिवस केव्हाच सरले. घरी फोन करू देत नाहीत. आज जेवणाच्या गाड्यावर ताटाशेजारी बोर्ड होता. बासुआल्दो लाउडस्पीकरवरून म्हणाले, "नाहीतरी बसूनच आहेस, उशाशी ठेव ना."

१९ मे
रोज बोर्ड. झोत सुरूच करत नाहीत आता, गरज काय? पाहुणे जाड काचेतून बघतात. माझं नाव सुल्मा आहे हे कुणी त्यांना सांगत नाही. चुका वाढताहेत. काल गाडा ढकलणारा माणूस दारातच ओकला.

३ जून
ओफेलियाबाईंनी दार सरकवलं. पळ, म्हणाल्या. मी धावले— त्यांच्याजवळ पोचले आणि त्या कोसळल्या. नाकातून रक्त. उचलायला वाकले तर आणखी—
मागे सरले. त्यांना श्वास आला.
दार मीच ओढून घेतलं.

५ जून
बासुआल्दो लाउडस्पीकरवरून म्हणाले, उद्या दार कायमचं बुजवणार. बरंच झालं.

६ जून
बाहेर बाईंचा आवाज. एकटी सोडणार नाही म्हणतात. ओरडून सांगतेय, लांब व्हा— ऐकत नाहीत— दार सरकतंय— बाई, नका, आत नका येऊ—