सहा सहाच्या ओळी

माय, तुझी एक गोष्ट मी चोरली आणि चारचौघांत पुस्तकाच्या नावावर खपवली. तुला जाऊन बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुझ्याशी असं बोलायला कधी बसलो नव्हतो. आज बसलो, कारण आज सकाळी ती चोरी कबूल करून आलो आहे आणि माझी कानशिलं अजून तापलेलीच आहेत.

तुला तो दिवस आठवत असेल का, कोण जाणे. उन्हाळा आहे, मी आठ वर्षांचा. अंगणातल्या बाजेवर जुनं धोतर अंथरून तू मुगवड्या घालते आहेस आणि मी कावळे हाकलतो आहे. मला वीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ, त्यामुळे मी स्वतःला मोठा शहाणा समजतो. "किती झाल्या रे?" तू विचारलंस. मी एका कोपऱ्यापासून एकेक वडी मोजायला लागलो. तिशीच्या पुढं गेलो की चुकायचो, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा चुकलो तशी तू हसलीस. "काऊन रे, अजून मोजूनच राह्यला का? एक ओळ मोज. मंग ओळी मोज. सुटी वडी काय मोजत बसतं?" एका ओळीत सहा होत्या. ओळी सात. आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, सहा सत्ते बेचाळीस! शाळेत रोज गळा काढून ओरडायचो तो बेचाळीस मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला, उन्हात, ओला. तू तुझ्या हिशोबानं "दोन विसा अन् दोन" म्हणालीस. मला मोठी गंमत वाटली, कारण आकडा तोच होता. मग शहाणपणा करून मी वाटीतली डाळ घेतली आणि शेवटच्या ओळीत एक वडी जास्तीची घातली. तुझा डाळीनं भरलेला हात थेट माझ्या गालावर. "एका ओळीत एक बी जास्त झाली त सारं मोजणं खोटं. ओळी सारख्या पाह्यजेत." गालावरची डाळ वाळली तशी कातडी ओढत राहिली. संध्याकाळपर्यंत मी ती पुसली नाही, रागानं.

राग माझा तोच आहे, माय. अमरावतीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना एका प्रोफेसरानं भर वर्गात माझ्या 'मले-तुले'ची नक्कल केली. मी पुस्तक मेजावर आपटून बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. बाबा महिनाभर बोलले नाहीत. आता जानेफळच्या अलीकडं एका खेड्यात लहान पोरांना शिकवतो. पहिल्याच दिवशी पोरांनी सहाचा पाढा असा म्हटला की कौलं हलावीत. मी विचारलं, "सहा चोक चोवीस म्हंजे काय बे?" एक जण म्हणाला, "म्हंजे, मंग सहा पंचे तीस." त्याच्यात मी मला पाहिलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला मूठभर सरकी आणायला सांगितली. जमिनीवर सहा सहाच्या ओळी मांडायच्या. ओळ वाकडी चालेल, पण कमीजास्त चालायची नाही.

आमच्या मोठ्या गुरुजींना हे रुचलं नाही. "हा काय पोरखेळ मांडला हो? डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले तर पाढे विचारतील, सरकी नाही विचारणार." मी ऐकून घेतलं. मी, आणि ऐकून घेतलं! कारण सांगतो. मोठ्या गुरुजींना एक मुलगी आहे, आपल्याच सोयऱ्यांतली. मराठी शाळा संपवून आता बापाजवळ इंग्रजी शिकते. ती ओसरीवर पाण्याचा तांब्या ठेवून आत जाते आणि मला सहा चोक किती ते आठवत नाही. जेवण जात नाही. हसू नकोस.

डिप्टीसाहेब आले. पाढे म्हणवून घेतले आणि मळेवाल्याच्या पोरीला त्यांनीही तेच विचारलं, चोवीस म्हणजे काय. तिनं ओच्यातली सरकी काढून साहेबांच्या बुटांपुढं चार ओळी मांडल्या. वर म्हणते, "सायेब, आता या अंगानं येऊन पाहा, चाराच्या सहा ओळी दिसतीन. सरकी तेवढीच राह्यते." साहेब खरंच वळसा घालून तिच्या बाजूला गेले. ते मी तिला शिकवलं नव्हतं. तिचं तिनंच शोधलं होतं. मग त्यांनी मला विचारलं, "ही रीत कुठं शिकलात?" तू ओठांवर आली होतीस, माय. पण मोठे गुरुजी शेजारी उभे होते आणि मी कॉलेज सोडलेला. म्हणालो, "एका इंग्रजी पुस्तकात वाचली होती, साहेब."

त्याच संध्याकाळी मोठ्या गुरुजींनी मला ओसरीवर बसवलं. "शिक्षण वाया नाही गेलं तुमचं. वडिलांना एकदा येऊन जायला सांगा." याचा अर्थ कुणालाही कळेल. माझे पाय जमिनीवर नव्हते. तेवढ्यात दाराआडून आवाज आला, "बाबा, ते पुस्तक मागा नं त्यायले. मले वाचाचं हाय." मी म्हणालो, पेटीत आहे, शोधून देतो. दुसऱ्या दिवशी तांब्या ठेवताना तिनं विचारलं, "सापडलं का?" तिसऱ्या दिवशीही विचारलं. चौथ्या दिवशी नुसतं पाहिलं.

आज सकाळी जाऊन दोघांसमोर सांगितलं, पुस्तक नाही, ही माझ्या आईची रीत आहे, मुगवड्यांची. मोठे गुरुजी उठूनच उभे राहिले. "साहेबांपुढं खोटं बोललात, माझ्याही तोंडावर! अन् सरकारी शाळेत शिकवता काय, तर कुण्या बाईच्या वड्या!" "कुण्या बाईच्या म्हणू नका! माय हाय ते माही!" मी ओरडलो. सगळी गल्ली ऐकत असेल. "आता वडिलांना आणू नका," ते म्हणाले. आतून ती पुढं आली. "बाबा, पुस्तकाचं खोटं बोलले ते. गणित त खरं हाय नं?" त्यांनी तिला आत जायला सांगितलं. ती गेली, पण बोलून गेली.

तेव्हा माझं ठरलं आहे. उद्या वर्गात साताच्या ओळी मांडायच्या. डिप्टीसाहेबांना मी स्वतःच खरं कळवतो. मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो. आणि दिवाळीनंतर बाबांना घेऊन त्या ओसरीवर पुन्हा जाणार. नाही म्हणाले तर आणखी एकदा जाणार. या वेळी बोलणं तुझ्यापासूनच सुरू करीन.

हे पत्र धाडायचं तरी कुठं? पण एक सांगून टाकतो. हा कागद उलटला तर मागच्या बाजूला चार दिवसांपूर्वीचा मजकूर आहे, अमरावतीच्या मित्राला लिहिलेला: 'गणित शिकवण्याचं मिळेल ते इंग्रजी पुस्तक ताबडतोब धाड, नाव काही का असेना.' कागद हातात घेऊन मी धावतच गेलो होतो. आठवड्यातून एकदा येणारा टपालवाला त्या दिवशी लवकर निघून गेला होता, म्हणून मी आज खरं बोललो.