फव्वाजच्या भिंतीवरचे सिमेंट

अल्लाहचे नाव घेऊन मी, शाहीन मतर, वय बाहत्तर, धंदा गवंडीकाम, राहणार तल्ल झैतर, अलेप्पोच्या पूर्वेस, हे लिहून ठेवतो. माझ्या छातीच्या दुखण्यापुढे डॉक्टरने हात टेकले आहेत. डोके मात्र ठिकाणावर आहे आणि कोणाचा दबाव नाही.

एक. मिळकतीच्या तीन वाट्यांपैकी दोन शरियतप्रमाणे वारसांचे: बायको गझवा, मुलगी वद्हा आणि भाऊ दह्हाम. गाव जळत असताना दह्हाम माझी गाढवी घेऊन पळाला होता, तरी त्यालाही वाटा जाणार. माझा इलाज नाही. तिसरा वाटा, म्हणजे विहिरीजवळची ऑलिव्हची बाग, मी जावई फव्वाजला देतो. अट कलम तीनमध्ये आहे.

दोन. विटांचा साचा, थापी, ओळंबा मी आजच वद्हाच्या हाती दिले. लढाईनंतर याच साच्यातल्या माती-भुशाच्या कच्च्या विटांनी मी गावात सतरा घुमटाकार घरे उभी केली. एकही ढासळले नाही.

तीन. अठरावे घर फव्वाजचे. मातीच्या घराला दरवर्षी पावसाआधी मातीचा गिलावा द्यावा लागतो. फव्वाज म्हणाला, "चाचा, आठ वर्षं तंबूत काढली. आता जन्मभर चिखल थापत बसू का? सिमेंट मारा नि मोकळे व्हा." सिमेंटमागे ओल अडकते, वीट आतून कुजते, हे मला ठाऊक होते. तरी मारले, कारण गुळगुळीत भिंतीवर हात फिरवून वद्हा हसली होती. चूक माझी आहे, जावयाची नाही.

परवा त्या भिंतीच्या पायथ्याशी खिळा टेकवला, तो लोण्यात जावा तसा आत गेला. त्या घुमटाखाली माझे दोन नातू झोपतात. मला भीती वाटते. फव्वाज म्हणतो, "म्हातारपणी तुम्हाला सगळंच पोकळ वाजतं."

अट ही: फव्वाजने पहिल्या पावसाआधी सिमेंट उतरवून कुजलेल्या विटा बदलाव्यात.

चार. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. हे आजच, माझ्यादेखत वाचावे. पाऊस माझ्या मरणासाठी थांबणार नाही.

वाचून झाले, त्यानंतरचे हे खाली लिहितो. फव्वाज उसळला, "बाग दाखवून मला विकत घेता?" वद्हाने मुलांची अंथरुणे माझ्या घरी आणून टाकली. "तू झोप तिथं एकटा," ती त्याला म्हणाली.

तल्ल झैतर, ९ ऑक्टोबर २०२५.
सही: शाहीन मतर

साक्षीदार १: सालेह नव्वाफ, गावचा मुखत्यार, म्हणजे गावप्रमुख.
साक्षीदार २: फव्वाज हमद. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातले काही मिळत नाही, म्हणजे बागही नाही, हे मुखत्याराने त्याला दोनदा सांगितले. तरी त्याने सही केली आणि सिमेंट उतरवायला शिडी मागितली.